हरिबा स्टेप

सोलापुरात गाण्याचा व्हिडिओ करायचा म्हटलं की पोरं विजापूर रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली शोधत येतात. तिथं मल्हार बसतो. आधी तो लग्नांची शूटिंग करायचा आणि लग्नातही त्याचं एकच वेड, स्लो. त्याच्या व्हिडिओत अक्षता नवरा-नवरीच्या डोक्यावर पडायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात एक पंगत उठून जावी. लोक नावं ठेवायचे आणि पुढच्या लग्नाला त्यालाच बोलवायचे.

मग रॅप करणारी पोरं आली. या पोरांचे व्हिडिओ म्हणजे सगळीकडं सारखेच. कॅमेरा हलतोय, चित्र दर क्षणाला बदलतंय, आणि हिरो आपल्या अंगावर धावून आल्यासारखा बोटं नाचवतोय. मल्हारनं बरोबर उलटं केलं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. गाणाऱ्याचं तोंड गाण्याच्या वेगानं चालतंय आणि बाकी सगळं जग मात्र हळू, पाण्याखाली असल्यासारखं. शहराच्या पूर्व भागातल्या एका पोराचं गाणं त्यानं यंत्रमागाच्या शेडमध्ये केलं. सुताचा कचरा हवेत असा काही तरंगत होता की बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर जागा आहे! त्या कचऱ्यानं खोकणारी माणसंसुद्धा त्यात शांत दिसली. तेव्हापासून ‘मल्हारचा स्लो’ हा शब्दच झाला.

यातली युक्ती सोपी आहे. शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. गाणाऱ्यानं त्या वेगानं ओठ हलवायचे. नंतर चित्र निम्म्या वेगावर आणलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि मागचं सगळं संथ होतं. अवघड काम एकट्या गाणाऱ्याचं. दुप्पट वेगात जीभ अडखळली की सगळं पहिल्यापासून. त्या वेळी कॅमेऱ्यात आवाज भरला जात नाही, आणि त्याची गरजही नसते. आवाज काय, गाण्याचा असतोच.

सिद्धराम हा मंद्रूपकडचा. शहरात टॉवेलच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. घरी मेंढरं. बाप हरिबा आणि आई केराबाई अजून कळपामागंच. पोरानं कळप सोडला तेव्हा हरिबा रागावला नाही, रडला नाही, काहीच बोलला नाही, आणि पोराला लागलं ते हेच. त्यानं गाणं लिहिलं ते त्यावर. बाप कळपाच्या पुढं चालतो, मागं कधी वळून बघत नाही, कारण मेंढरं येणारच असतात. मग मी आलो नाही, तेव्हा तरी वळून बघितलंस का? असं ते गाणं. मल्हारनं ऐकलं आणि त्याचे डोळे भरले. तो काही वाईट माणूस नाही. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, पुढं सांगणं जड जाईल.

“दादा, एकच करा,” सिद्धराम म्हणाला. “आबा दिसले पायजेत गाण्यात. बाकी तुमी म्हणाल तसं.”

शूटिंगच्या दिवशी मल्हार आणि त्याची मदतनीस राजेश्वरी सकाळीच गावाबाहेरच्या पांदीवर पोचले. पांद म्हणजे शेतांमधली अरुंद वाट. या पांदीला एका अंगाला दगडी बांध होता आणि दुसऱ्या अंगाला बाभळी. हरिबा घोंगडं सावरत पुढं आला.

“नाव काय म्हणलासा पाव्हणं?”

“मल्हार.”

“आरं तिच्या! मग इचारायचंच काय. नाव आमच्या द्येवाचं, म्हंजी मानूस आपलंच.”

मल्हारनं शॉट समजावला. सिद्धराम पांदीच्या तोंडाशी कॅमेऱ्याकडं बघत उभा राहील. पाठीमागून कळप येईल, त्याच्या दोन्ही अंगांनी फुटून पुढं निघून जाईल. हरिबा सगळ्यात मागं.

“मागं कशाला? म्या म्होरं असतो. म्या चाललो की येत्यात आपसूक.”

“चालून नाही चालणार, मामा. स्लोमध्ये चालणारं जनावर उभं असल्यासारखं दिसतं. पळाली तरच चालल्यासारखी दिसतील.”

हरिबानं यावर नीट विचार केला. “म्हंजी चालत्यात आसं दावायला पळवायची?”

“हो.”

“लई आवघड हाय की रं तुमचं!” तो खळखळून हसला आणि मग हसायचा थांबला. “पन दोन-चार गाभण हायती. बांडीचे तर दिस भरत आल्यात. तिला तरी बाजूला बांदतो.”

बांडी कळपात उठून दिसणारी. सगळी मेंढरं काळी आणि हिच्या तोंडावर, पाठीवर पांढरे पट्टे. केराबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मल्हारनं कॅमेऱ्यातून बघितलं. ती होती तर चित्रात जीव होता, ती बाजूला गेली की सगळा नुसता काळा गोळा.

“राहू द्या तिला, मामा. एकदाच पळवायचंय. एकच टेक.”

हरिबानं सिद्धरामकडं बघितलं. सिद्धराम कळपात वाढलेला, त्याला न कळण्यासारखं यात काही नव्हतं. त्यानं खाली बघत चपलेनं माती उकरली. “एकदाच, आबा.”

हरिबानं बांडीचा दोर सोडला.

सिद्धरामचे दोन मित्र कळपामागं पत्र्याचे डबे घेऊन उभे राहिले. राजेश्वरीनं मोठ्या स्पीकरला फोन जोडला आणि गाणं दुप्पट वेगानं सुरू केलं. सिद्धरामचा तो दमदार आवाज उंदराचा झाला. हरिबा चकित झाला. “ह्येच का गानं?” सगळे हसले. मल्हार म्हणाला, “खरं गाणं वेगळं आहे मामा, संध्याकाळी ऐकवतो.” संध्याकाळी सामान भरायच्या गडबडीत कुणाला ते आठवलं नाही.

डबे वाजले, कळप उधळला, आणि कडव्याच्या मधोमध सिद्धरामची जीभ अडखळली.

“परत,” मल्हार म्हणाला.

मेंढरं पुन्हा मागं नेली. पुन्हा डबे, पुन्हा उंदराचा आवाज. सिद्धराम त्याच शब्दाशी अडखळला आणि त्यानं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. मेंढरांच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. हरिबा बांडीजवळ बसून तिच्या पोटावरून हात फिरवत होता. मल्हारनं ते पाहिलं आणि कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

“शेवटचा, मामा. शप्पथ.”

तिसऱ्यांदा सिद्धराम अडखळला नाही. शब्दामागून शब्द सुटत गेला, अडखळायची जागासुद्धा बिनबोभाट गेली. मल्हार श्वास रोखून समोरच्या छोट्या पडद्यावर बघत होता. कळप पांदीत शिरला, दाटला, दगडी बांधाला घासला. पांढऱ्या पट्ट्यांचं एक जनावर बांधाशी चेपलं गेलं, खाली गेलं, परत उठलं. आणि धुरळ्यातून हरिबा पळत आला. खांद्यावरचं घोंगडं घसरलेलं. दोन्ही हात वर, डोक्यावरून इकडून तिकडं हलणारे. तोंड उघडं. गाण्याच्या दोन ओळींमध्ये क्षणभर जागा होती, तेवढ्यात मल्हारला स्वच्छ ऐकू आलं, “थांबवा!”

राजेश्वरीलाही ऐकू गेलं असावं. तिचं बोट फोनवर होतं. “सर, थांबवू?”

मल्हारनं मान हलवली. नको.

गाणं संपलं. “कट! ओके! काय शॉट झालाय!” सिद्धरामनं उडीच मारली. त्याची पाठ बापाकडं होती, कानाशी स्पीकर होता. त्यानं काही पाहिलं नव्हतं, काही ऐकलं नव्हतं. त्यानं मल्हारला मिठी मारली आणि मग वळून धापा टाकत आलेल्या बापालाही मिठी मारली. “जमलं, आबा! जमलं!” हरिबानं पोराच्या खांद्यावरून मल्हारकडं बघितलं. मग पोराच्या पाठीवर थोपटलं आणि मेंढरं गोळा करायला गेला.

परतताना गाडीत मल्हारच बोलत होता. “तेव्हा कट म्हटलं असतं तर काय झालं असतं? चौथ्यांदा पळवावी लागली असती. उलट मी वाचवलं त्यांना.” राजेश्वरी खिडकीबाहेर बघत राहिली. मग त्यानं हेच वाक्य मनात बऱ्याचदा घोळवलं. ते पटत नव्हतं म्हणूनच एवढं घोळवावं लागत होतं.

शूटिंगसाठी हरिबाकडून आणखी एक घोंगडं घेतलं होतं, ते गाडीतच राहिलं. चार दिवसांनी तो ते द्यायला गेला. हरिबा कळप घेऊन रानात गेला होता. केराबाईनं चहा ठेवला. बाभळीखाली बांडी बसली होती, एकटी. तिचं पोट खपाटीला गेलं होतं.

“गाभडली,” केराबाई म्हणाली. “तुमी ग्येलासा त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी. दोन व्हती पोटात. दोनी मेल्याली.”

“त्या पळण्यानं?”

“मग कशानं?” तिनं अगदी साधं विचारलं. तिच्या आवाजात राग असता तर मल्हारला बरं वाटलं असतं. “तीन डाव पळीवली, बांधाला आदळली. पन सिद्धाला सांगू नगा. त्याचा बाप म्हणतो, पोरगं इतक्या वर्सांनी कळपात हसत आलं. त्येच्या जिवाला लावून कशाला द्यायचं?”

मल्हारनं चहा कसाबसा संपवला. निघताना बांडी आपल्याकडंच बघतेय असं त्याला वाटलं. ती कुणाकडंच बघत नव्हती.

खोलीवर येऊन त्यानं तो शॉट उघडला. निम्म्या वेगात सगळंच बदललं होतं. उधळलेली मेंढरं एखाद्या ओढ्यासारखी संथ वाहत होती. भेदरलेले डोळे शहाणे दिसत होते. आणि हरिबा! कोवळ्या उन्हात, धुरळ्यात, दोन्ही हात वर करून तो डोलत होता. पोराच्या गाण्यावर नाचणारा म्हातारा बाप. एवढा आनंद मल्हारनं कुठल्या लग्नातही टिपला नव्हता. मात्र ओठांकडं बघितलं की संपलं. आवाज नव्हता, तरी त्या संथ वेगात प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. थां, ब, वा. गा, भ, ण.

त्यानं शॉट काढून टाकला. त्या जागी रिकाम्या रानाचं चित्र लावलं. राजेश्वरी मागं उभी होती. “काढलात? बरं केलंत,” ती म्हणाली आणि घरी गेली.

पण त्या शॉटशिवाय गाणं पडलं. मीठ विसरलेल्या भाजीसारखं लागायला लागलं. मल्हारनं पुन्हा पुन्हा बघितलं. सिद्धराम म्हणाला होता, आबा दिसले पाहिजेत. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, शॉट काढल्यानं बांडीची पिल्लं थोडीच जिवंत होणार होती? हे खरंच होतं, आणि फार सोयीचंही होतं. त्यानं शॉट परत लावला. फक्त ओठांवर थोडा धुरळा वाढवला. हे त्याला येत होतं.

गाणं बाहेर आलं आणि आठवड्याच्या आत सोलापुरात हरिबा घरोघर पोचला. दोन्ही हात वर, डोक्यावरून डावीकडून उजवीकडं, गुडघ्यात किंचित वाकून. नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण ‘हरिबा स्टेप’ असंच सगळे म्हणायला लागले. सात रस्ता चौकात कॉलेजच्या पोरी ती करून रील काढत होत्या. वरातीत नवऱ्याचे मामे घामाघूम होऊन तीच करत होते. लोक लिहीत होते, म्हाताऱ्याचा आनंद बघा. लिहीत होते, मेंढरं किती शांत, डायरेक्टरनं काय टिपलंय! पुण्याच्या एका रॅपरचा फोन आला, आम्हाला असंच पाहिजे. मल्हार हो म्हणाला.

एकदा हिय्या करून त्यानं सिद्धरामला फोन लावला. सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. पण आधी सिद्धरामच बोलायला लागला.

“दादा, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. मला म्हाईतच नव्हतं, माझ्या मागं आबा नाचत व्हते. व्हिडिओ बघितला तवा कळलं. मी लहानपनापासनं त्या मानसाला कदी हात वर केल्यालं बघितलं न्हाय. माझ्या गान्यावर नाचले, दादा. मला उत्तर मिळालं.”

“हो,” मल्हार म्हणाला. मग म्हणाला, “जेवलास का?” आणि फोन ठेवून दिला.

आता प्रश्न एका मेंढीचा नव्हता, एका पोराचा होता. सांगावं तर त्याच्या हातातलं उत्तर काढून घ्यायचं. न सांगावं तर गावोगावच्या वराती म्हाताऱ्याच्या गयावयावर नाचणार. मल्हारला दोन्ही पटत नव्हतं, म्हणून त्यानं तिसरं केलं. काहीच केलं नाही.

मग गावातल्या तरुण मंडळानं सिद्धरामचा सत्कार ठरवला. मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर, त्याच मैदानात. मल्हारलाही बोलावलं. त्यानं नाही म्हणायला दोन कारणं शोधली, दोन्ही राजेश्वरीनं खोडून काढली. “तिथं गाणं वाजवायला माणूस लागणार सर. मी जाणारच. तुम्ही बघा.” तो गेला.

दिवस कलला होता. मैदानात भाजीचा पाला, शेंगांची फोलपटं आणि पोरंच पोरं. स्टेजवर सिद्धरामला आणि मल्हारला फेटे बांधले. मल्हारला त्याचं वजन पेलवेना. हार गळ्यात पडला तसा तो स्टेजवरून उतरला आणि बाजूला राजेश्वरीच्या टेबलाशी, गाणं वाजवायच्या यंत्रामागं जाऊन उभा राहिला. समोर पहिल्या रांगेत हरिबा आणि केराबाई बसले होते. हरिबानं धुतलेलं धोतर घातलं होतं.

सिद्धराम गायला. या वेळी खऱ्या वेगात, खऱ्या आवाजात. हरिबा मान एका बाजूला करून ऐकत होता. वळून बघितलंस का, ही ओळ आली तेव्हा त्यानं केराबाईकडं बघितलं आणि पुन्हा समोर. पोरं मात्र त्या जागेची वाट बघत होती. ओरडा सुरू झाला, हरिबा, हरिबा!

सिद्धराम खाली उतरला, बापाला हाताला धरून स्टेजवर घेऊन आला. कडवं संपून नुसती चाल वाजत होती. “आबा,” तो माईकमध्ये म्हणाला, “त्या दिशी केलं तसं करा. एकदाच.”

“तसंच?” हरिबानं विचारलं.

“व्हय आबा, तसंच.”

हरिबानं राजेश्वरीच्या टेबलाकडं बघितलं. मल्हारची नजर खाली गेली आणि परत वर आली, कारण आता तिला कुठं जायला जागा नव्हती. मग म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले. डोक्यावरून डावीकडं, उजवीकडं. मैदानातल्या सगळ्या पोरांचे हात वर गेले. शिट्ट्या, आरडाओरडा, स्पीकरचा दणका. आणि हरिबाचं तोंड हलत होतं. पोरानं सांगितलं होतं, तसंच, म्हणून तो तसंच करत होता, काही न गाळता. सिद्धरामनं कौतुकानं माईक त्याच्या तोंडाजवळ धरला होता, पण त्या दणक्यात कुणालाच काही कळत नव्हतं. एकट्या मल्हारला कळत होतं. ते ओठ त्यानं इतक्या वेळा बघितले होते की आवाजाची गरज नव्हती.

राजेश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

मल्हारनं हात पुढं केला आणि गाणं बंद केलं.

“थांबवा रं!” हरिबाचा आवाज मैदानभर घुमला. “थांबवा! गाभण हायती त्या! मारशीला, थांबवा!”

हात तसेच वर राहिले, शेकडो. मागं कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. हरिबा आपल्याच आवाजानं दचकला. त्यानं हळूच हात खाली घेतले.

“आबा, हे काय?” सिद्धराम म्हणाला. माईक अजून हातात होता.

“तूच म्हणलास की. त्या दिशी केलं तसं.”

सिद्धराम बापाकडं बघत राहिला. मग खाली बसलेल्या आईकडं बघितलं. केराबाईनं पदर तोंडावर घेतला होता. बांडी कशी गाभडली हे त्यानं घरी विचारलं होतं तेव्हा, व्हतं आसं कदीमदी, एवढंच उत्तर मिळालं होतं. त्याचा चेहरा बदलत गेला, आणि हे काही स्लोमध्ये घडत नव्हतं. तो मल्हारकडं वळला.

“दादा, तुमाला ऐकू आलं व्हतं?”

प्रश्न स्पीकरमधून मैदानाच्या पार टोकापर्यंत गेला. मल्हारच्या तोंडाशी ते वाक्य आलं, चौथ्यांदा पळवावी लागली असती. त्यानं ते गिळलं.

“आलं होतं,” तो म्हणाला. “आलं होतं रे. मी थांबवलं नाही.”

समोरचे हात एकेक करून खाली येत होते. मल्हारनं डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला. हरिबालाच ती शांतता सोसवेना. त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच.

“झालं ते झालं. लावा पाव्हणं परत, पोरं खोळंबल्यात. गानं बरं हाय. त्या दिशी उंदरावानी वाजत व्हतं, आज नीट ऐकू आलं मला.”

मल्हारनं बटणावर बोट ठेवलं आणि सिद्धरामकडं बघितलं.

सिद्धरामनं मान हलवली. नको.